तरंगणारा मासा: हवा नेमकी कुठे आहे?

नमस्कार मंडळी.

माशांच्या टँकचे दिवे मालवले की थोडा वेळ टॉर्च घेऊन समोर बसायची माझी जुनी सवय आहे. अशाच एका रात्री माझा पिवळा टँग हा समुद्री मासा कपारीत डोकं खुपसून उभा दिसला. टँग झोपायला कपारीत शिरतोच, त्यात नवल नाही. पण याची शेपटी वर होती. पर हलवायचे थांबवले की तो बुचासारखा वर सरकायचा, पाठ दगडाच्या छताला टेकायची, मग छातीचे पर मारत मारत पुन्हा खाली यायचा. झोप अशी नव्हतीच त्याला. रात्रभर तो स्वतःला खाली दाबून धरत होता.

मी गोड्या पाण्याचे मासे पाळून मग समुद्री टँककडे वळलेला माणूस. गोल्डफिश उलटा तरंगायला लागला की काय करायचं ते मला पाठ होतं: दोन दिवस उपास, मग उकडलेल्या वाटाण्याचा गर. तेच केलं. टँगने वाटाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला. नंतर पोट उघडून पाहिलं, तर आतडं जवळजवळ रिकामं आणि वरची हवेची पिशवी टम्म फुगलेली. मी पोटावर इलाज करत बसलो होतो आणि दुखणं पोटात नव्हतंच.

आज तुमच्यापुढे मला एवढंच मांडायचं आहे. मासा फुगलाय, तरंगतोय, कलंडतोय, हे काही आजाराचं नाव नव्हे. हवा किंवा पाणी शरीरात कुठे साठलंय हे कळल्याशिवाय हात लावू नका. आणि खाऱ्या पाण्यातल्या माशाला गोल्डफिशचं औषध देऊ नका, कारण दोघांची आतली रचनाच वेगळी आहे.

ती रचना आधी समजून घेऊ. बहुतेक हाडांच्या माशांमध्ये कण्याखाली एक हवेची पिशवी असते, पुस्तकात तिला वाताशय म्हणतात. माशाचं मांस आणि हाडं पाण्यापेक्षा थोडी जड असतात, ती उणीव ही पिशवी भरून काढते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते माशाला जास्त उचलून धरतं. म्हणून समुद्री माशाची पिशवी शरीराच्या साधारण 5 टक्के असली तरी भागतं, गोड्या पाण्यातल्याला साधारण 7 टक्के लागते.

गोल्डफिशच्या पिशवीतून एक नळी थेट अन्ननलिकेत उघडते. तो तोंडाने हवा घेऊन पिशवी भरू शकतो आणि नको असलेली हवा तोंडावाटे सोडूही शकतो. आपल्या टँकमधले टँग, क्लाउनफिश, डॅमसेल, एंजेल यांना मोठेपणी ही नळी नसते. त्यांची पिशवी बंद. ती भरते रक्तातून. पिशवीच्या भिंतीत एक ग्रंथी असते आणि तिला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं लागून असतं. ग्रंथी लॅक्टिक आम्ल सोडते, आम्लामुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते आणि तो ऑक्सिजन पिशवीत जातो. रिकामं करायचं तर भिंतीच्या एका पातळ भागातून वायू परत रक्तात शोषला जातो. हे सगळं सावकाश चालतं, तासांच्या हिशेबात. मला हे यंत्र फार सुंदर वाटतं. पण बिघडलं की माशाला ढेकर देऊन मोकळं होण्याची सोय नाही, हेही त्यातच आलं.

समुद्रात 30 मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. तिथला मासा घाईने वर आणला तर पिशवीतला वायू चौपट जागा मागतो. पकडणारे लोक म्हणून माशाला टप्प्याटप्प्याने वर आणतात, किंवा सुईने हवा काढतात. सुईची जखम चिघळली तर मासा तुमच्याकडे आल्यावर काही दिवसांनी तिरका पोहायला लागतो. नवा मासा पहिल्या पंधरवड्यात तरंगू लागला तर माझा पहिला संशय पिशवीवर जातो, खाण्यावर नाही.

आता पोटाकडे येऊ. पोटातली हवा बहुतेक वेळा आपणच घालतो. कोरडी पेलेट, म्हणजे खाण्याचा दाणा, वर तरंगते, मासा ती टिपायला येतो आणि चप् असा आवाज होतो. तो आवाज म्हणजे घासाबरोबर गिळलेली हवा. बंद पिशवीच्या माशात ती पिशवीत जाऊ शकत नाही, आतड्यातच फिरते आणि बहुधा विष्ठेबरोबर बाहेर पडते. अशी विष्ठा पाण्यावर तरंगताना दिसेल. उपाय साधा आहे. टँकचंच पाणी वाटीत घ्या, पेलेट त्यात बुडवा, बोटांनी अलगद दाबा. दाण्यातून बारीक बुडबुडे निघतात आणि दाणा तळाला बसतो. मग तो पाण्याखाली सोडा.

टँगबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं. हा दिवसभर चरणारा मासा. आतडं लांब आणि त्यात जंतूंची मोठी वस्ती. टँगच्याच कुळातल्या, तांबड्या समुद्रातल्या एका माशाच्या आतड्यात 1985 साली एक जीव सापडला. त्याला एपुलोपिशियम हे नाव मिळालं, अर्थ माशाच्या मेजवानीतला पाहुणा. आकार अर्ध्या मिलिमीटरच्याही वर, नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढा. इतका मोठा जीव जिवाणू असेल असं कोणाला वाटलं नाही. तो जिवाणूच आहे हे 1993 साली सिद्ध झालं. सांगायचा मुद्दा असा की टँगचं पोट ही शेवाळ आंबवणारी भट्टी आहे. दिवसातून एकदा भरपूर मांसाहारी खाणं टाकलं आणि उरलेला दिवस उपास घडवला, तर ही भट्टी नीट चालत नाही. नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, कागद क्लिपला अडकवून दिवसभर ठेवा, त्याला हवं तेव्हा तो येऊन ओरबाडेल. शिकारी माशांची गोष्ट उलटी. लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो. पोट फुगून तळाशी पडून राहिलेला लायनफिश पुष्कळदा आजारी नसतो, त्याचं जेवण पचायचं असतं. त्याला दोन-तीन दिवस काही देऊ नका, आणि पुढच्या वेळी घास लहान करा.

उपासाचा सल्ला मात्र सरसकट देऊ नका. धष्टपुष्ट, वाढ झालेल्या माशाला दोन-तीन दिवस चालतं. अँथियास दिवसातून अनेकदा खातात, समुद्रघोड्याला तर जठरच नाही. त्यांना उपाशी ठेवलं तर दुसरंच दुखणं ओढवतं.

गोल्डफिशचं पोट साफ व्हायला देतात त्या एप्सम सॉल्टबद्दल, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटबद्दल, हमखास विचारलं जातं. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, कारण पाणी त्याच्या अंगात आपोआप शिरतं. समुद्री माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम आणि त्याच्या दुप्पट सल्फेट आधीच आहे. एप्सम सॉल्ट म्हणजे दुसरं काय? तेव्हा गोल्डफिशचं प्रमाण इथे लावून गुण येईल अशी आशा धरू नका. मासा खात असेल तर औषध खाण्यात मिसळून द्यावं, तेही माशांच्या डॉक्टरला विचारून.

मग ओळखायचं कसं? वरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहा. फुगवटा खाली, छातीच्या परांच्या मागे असेल आणि विष्ठा बंद असेल, तर सहसा पोट. शेपूट उचलली जातेय, मासा खायला येतोय पण खाली राहायला झगडतोय, तर सहसा पिशवी. खवले ताठ उभे राहिले तर पोटाच्या पोकळीत पाणी भरलंय. ते मूत्रपिंडाचं किंवा आतल्या संसर्गाचं लक्षण, ते दुखणं निराळं. मादी अंड्यांवर आली असेल, हेही विसरू नका. खात्री एक्सरेनेच होते, त्यात हवा काळी दिसते. घरी सुई टोचू नका, कळकळीने सांगतो. आणि हॉकफिश, ब्लेनी दगडावर टेकून बसतात म्हणून घाबरू नका, त्यांना ही पिशवीच नसते.

एकाच टँकमधले तीन मासे एकदम बिघडले तर मासे नका तपासू, पंप तपासा. माझ्याकडे असंच झालं होतं. एकाचा डोळा बाहेर आलेला, दुसऱ्याच्या परांच्या काड्यांमध्ये मोत्यासारखे बुडबुडे. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूच्या सांध्यापाशी कान नेला तेव्हा अगदी बारीक सूं ऐकू आलं. सांध्यावर पाणी ओतलं, आवाज थांबला. तिथून हवा आत ओढली जात होती आणि पंपाच्या दाबाखाली पाण्यात जास्तीची विरघळत होती. असं पाणी अंगात गेलं की तो वायू रक्तात आणि पेशींत पुन्हा बुडबुडे धरतो. सांधा बदलला, सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, पाणी चांगलं खळबळत ठेवलं, म्हणजे जास्तीचा वायू उडून जातो. दोन मासे वाचले.

समुद्रघोड्याच्या नराची पिल्लांची पिशवी हवेने फुगते, शेपूट वर होते, पकडलेली काडी सुटते. ती हवा अनुभवी हातांनी बारीक मऊ नळीने काढता येते, आणि वारंवार होत असेल तर डॉक्टर अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध देतात. पफरला जाळ्याने पाण्याबाहेर कधीच उचलू नका. भीतीने तो पाण्याऐवजी हवा गिळून फुगतो आणि ती त्याला सोडता येतेच असं नाही. भांडं पाण्यात बुडवून त्यातूनच न्या. फुगलाच तर पाण्याखाली, तोंड वर आणि शेपूट खाली असा हलका धरा, हवा तोंडावाटे निघते.

माशावरचे परजीवी मारायला पाण्याचा खारेपणा उतरवणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. मासा 100 मिलिलिटर आकाराचा धरा. 1.025 घनतेच्या पाण्यात त्याला 102.5 ग्रॅमचा उचल मिळतो, 1.009 ला 100.9. म्हणजे 1.6 ग्रॅमची तूट. ती भरून काढायला 5 मिलिलिटरची पिशवी जवळपास एक तृतीयांशाने फुगवावी लागते, तीही त्या सावकाश ग्रंथीकडून. पहिल्या रात्री मासा तळाला टेकला तर त्याला वेळ द्या.

तरंगणाऱ्या माशाला औषधाआधी विसावा हवा असतो. तो जितका वर जातो तितका दाब घटतो, पिशवी आणखी फुगते आणि त्याला आणखी वर ओढते. पाठ पाण्याबाहेर उघडी पडली की कातडी सुकते. त्या पहिल्या टँगनंतर बऱ्याच काळाने दुसऱ्या एकाला हेच झालं. या वेळी मी प्रवाह कमी केला, दिवे मंद केले आणि जाळीची एक टोपली उलटी करून पाण्याखाली दोऱ्याने बांधली. तासाभरात तो स्वतःहून तिच्याखाली गेला, जाळीला पाठ टेकवली आणि पर थांबवले. डॉक्टरने पिशवीचा संसर्ग ठरवून औषध दिलं, ते नोरीला लावून मी देत राहिलो. नवव्या रात्री टॉर्च घेऊन पाहिलं तर टोपली रिकामी होती. तो खाली कपारीत होता, शेपूट आणि डोकं एका रेषेत, पर मिटलेले.