शपथेची तारीख

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय अमेरिकेतल्या आपल्या घरांमध्ये रविवारी चहाच्या वेळी निघतो आणि सोमवारी मागे पडतो. सिटीझनशिप. ग्रीन कार्ड येऊन पाच वर्षं झाली किंवा होत आली, आता पुढे काय?

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की आम्ही चौघांनी मिळून एकच अर्ज करायचा ना? नाही. कुटुंबाचा असा अर्ज नसतोच. नवऱ्याचा एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, वेगळा, बायकोचा वेगळा, अठरा पूर्ण झालेल्या मुलाचा वेगळा. फी वेगळी, मुलाखत वेगळी. एकाच दिवशी भरले तरी बोलावणं मागेपुढे येऊ शकतं, त्यानं घाबरून जाऊ नका.

अठराच्या आतल्या मुलांचं मात्र निराळं आहे. इथे कान देऊन ऐका. आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण नागरिक झाला, मूल अठराच्या आत असलं, त्याच्याकडे ग्रीन कार्ड असलं आणि ते इथे त्या आईच्या किंवा वडिलांच्या कायदेशीर ताब्यात, त्यांच्याजवळ राहत असलं, की ते आपोआप नागरिक होतं. त्याला परीक्षा नाही, मुलाखत नाही. २००१ पासून हा कायदा लागू आहे. पण आईची किंवा वडिलांची नागरिक होतानाची शपथ मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी झालेली हवी. अर्जाची तारीख धरत नाहीत. मुलाखतीचीही नाही. शपथेची तारीख! पुन्हा सांगतो, शपथेची तारीख.

मुलगी सतराची झाली तरी "दोघं एकदमच भरू, ह्यांचा प्रोजेक्ट संपू दे" म्हणत बसलेली घरं मला माहीत आहेत. अहो, ज्याची पाच वर्षं आधी भरतात त्यानं आधी भरावा. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या नव्वद दिवस आधीपासून अर्ज करता येतो.

आता प्रवास. गेल्या पाच वर्षांतले निदान तीस महिने देशात काढलेले हवेत. सहा महिन्यांहून लांब एकच फेरी झाली असेल, तर तुमचं इथलं वास्तव्य तुटलं असं अर्ज तपासणारे अधिकारी गृहीत धरतात आणि तुटलं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. आईच्या आजारपणात आठ महिने पुण्याला राहिलेल्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं. आणि चोवीस तासांपेक्षा मोठी प्रत्येक फेरी लिहायची. नायगाऱ्याला पलीकडे कॅनडात दोन रात्री मुक्काम केलात? तोही लिहायचा. जुना पासपोर्ट टाकू नका, त्यावरचे शिक्केच तुमचा हिशेब.

आजवर वापरलेली सगळी नावंही लिहायची. आपल्या बायकांची इथे तारांबळ उडते, कारण लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आडनाव कधी बदललेलं, कधी अर्धवट बदललेलं. लग्नात तांदळात नाव लिहिणाऱ्यांनी पुढच्या कागदपत्रांचा विचार केलेला नसतो, हे माझं जुनं दुखणं. असो.

नागरिकशास्त्राची परीक्षा थोडक्यात सांगतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांसाठी नवी पद्धत आहे. १२८ प्रश्नांची यादी, त्यातले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यायला हवेत. पासष्टी ओलांडलेल्या आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षं काढलेल्या आजी-आजोबांना छोटी यादी मिळते, आणि त्यांना दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. मला ही परीक्षा आवडते. आपल्या शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचं शेपूट होतं. इथे निदान एकदा तरी राज्यघटना वाचून होते.

आणि परीक्षेची कटकट वाटत असेल तर शंभर वर्षांपूर्वी काय होतं ते ऐका. तेव्हा आपल्या माणसाला नागरिक व्हायचं असेल तर आधी सिद्ध करावं लागे की मी गोरा आहे! १७९० च्या कायद्यात तसं लिहिलंच होतं, स्वतंत्र गोरी व्यक्ती. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आपण दोन्हींत नाही.

भगतसिंग थिंद हा अमृतसर जिल्ह्यातला शीख तरुण १९१३ च्या जुलैत सिअ‍ॅटलला उतरला. त्याच जुलैत देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला, डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. थिंदनं ओरेगनमध्ये लाकडाच्या वखारीत काम केलं. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, पगडीसकट. डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसच्या छावणीत असताना, अंगावर सैन्याचा गणवेश असताना त्याला नागरिकत्व मिळालं. चार दिवसांनी ते काढून घेतलं. का? तर हा गोरा नाही.

गडी हटला नाही. शेजारच्या ओरेगन राज्यात पुन्हा अर्ज केला. तिथल्या न्यायाधीशानं सरकारचा विरोध बाजूला ठेवून १९२० मध्ये त्याला दुसऱ्यांदा नागरिक केलं. सरकार वर गेलं, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत. तिथे थिंदच्या बाजूनं उभा राहिलेला वकील कोण? सखाराम गणेश पंडित. टवकारले ना कान? अहमदाबादेत जन्मलेला, लॉस एंजेलिसला वकिली करणारा आणि १९१४ पासून स्वतः अमेरिकेचा नागरिक.

आता गंमत बघा. तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ह्याच न्यायालयानं ताकाओ ओझावा ह्या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तू कॉकेशियन नाहीस. निकाल लिहिला न्यायमूर्ती सदरलँड यांनी. थिंदच्या बाजूनं म्हटलं, ठीक आहे, मग वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतात, तेव्हा आम्ही गोरे! १९ फेब्रुवारी १९२३ ला पुन्हा सदरलँड यांनीच निकाल लिहिला. पुस्तकं काय म्हणतात ते राहू द्या, रस्त्यावरचा सामान्य माणूस कोणाला गोरा म्हणतो ते बघायचं. आणि तो तुम्हाला म्हणत नाही. तीन महिन्यांत फूटपट्टी बदलली. हे सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, तान्हेपणी आईवडिलांबरोबर इथे आलेले. म्हणजे तेही मूळचे बाहेरचेच!

एक गोष्ट मात्र मला ह्या खटल्यात खुपते. आम्ही उच्चवर्णीय, शुद्ध आर्य रक्ताचे, खालच्यांशी रक्त मिसळू दिलं नाही, असा युक्तिवाद थिंदच्या बाजूनं झाला. वर चढायला खालच्यांच्या खांद्यावर पाय. आणि तिकडे आंबेडकरांनी १९१६ मध्येच कोलंबियात जातीच्या उगमावरचा निबंध वाचला होता. एकाच महिन्यात आलेली दोन माणसं, पण जातीकडे बघणं किती वेगळं!

निकालानंतर सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द करायला घेतली. पंडितांच्या स्वतःच्या घरावर नोटीस आली. पत्नी अमेरिकन. तेव्हाच्या कायद्यानं अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईचं नागरिकत्वही जायचं, म्हणजे घरात दोघांचंही गेलं असतं. पंडित आपला खटला लढले. तुम्ही दिलेल्या कागदावर विसंबून मी वकिली उभी केली, घर केलं, भारतातल्या वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडला, आता मागे फिरता? १९२६ मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. एका वकिलानं आपला कागद जपून ठेवला आणि इतरांच्या मागचाही ससेमिरा थांबला.

आणि थिंद? १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा माणूस तिसऱ्यांदा नागरिक झाला. तिसऱ्यांदा! ह्या वेळी ते टिकलं. बाकीच्या भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हा वर्षाला शंभर जणांना यायची परवानगी मिळाली. शंभर.

वेळ संपत आली, उरलेलं भराभर सांगतो. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानं आपोआप जातं. दोन्ही ठेवता येत नाहीत. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड. मुलांचाही पासपोर्ट जमा करायचा, हे हटकून विसरतं. ओसीआयवर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण वारशानं आलेली ठेवता येते, तेव्हा सातबाऱ्यावरच्या नावासाठी भावाशी आजच भांडायला नको.

अर्जात विचारलंय तेवढं खरं सांगा, वाहतुकीच्या दंडाचंही. आणि ज्यांच्या घरी सोळा-सतराचं मूल आहे त्यांनी काय बघायचं? शपथेची तारीख. शपथविधीला ग्रीन कार्ड बरोबर न्या, ते तिथेच परत घेतात. पुढच्या आठवड्यात ओसीआयच्या फोटोबद्दल बोलू, त्याला अख्खा कार्यक्रम लागेल. नमस्कार.