ट्रेनरवर कॅसेट खुळखुळतेय? ही रिंग राहिली असेल

ही बघा, घरात सायकल चालवायच्या ट्रेनरवर कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, बसवताना लागणारी रिंग. बांगडीसारखी दिसते, जाडी फक्त १.८५ मिलिमीटर. गेल्या पावसाळ्यात मी ही खोक्यातच विसरलो. कॅसेट जागेवर धरून ठेवणारी लॉकरिंग पार आवळली, तरी कॅसेट हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची. अर्धा दिवस ट्रेनरला शिव्या घातल्या, चूक माझी होती.

माझ्या सायकलला शिमानो कंपनीचा सोरा हा गिअर संच आहे, म्हणजे मागे ९ गिअर, ९ स्पीड. आणि मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात, त्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर बहुतेक वेळा शिमानोचा ११ स्पीडवाला फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर सरकवतात ती खाचांची नळी, असतो. तो ८-९-१० स्पीडवाल्यापेक्षा १.८५ मिलिमीटरनं लांब. तेवढी जागा भरायला ही रिंग. आधी रिंग, मग कॅसेट. शिमानोच्या बऱ्याच १० स्पीड रोड कॅसेटना आणखी १ मिलिमीटरची रिंग लागते. ती कॅसेटच्याच खोक्यात मिळते, फेकू नका. ११ स्पीड रोड कॅसेटला काहीच नको... पण शिमानोची ११-३४ (छोट्या चकतीला ११ दाते, मोठीला ३४) असेल, तर १.८५ची परत हवीच! इथे भलेभले फसतात.

शिमानोचेच १२ स्पीड संच, १०५ किंवा अल्टेग्रा? त्यांच्या कॅसेट याच हबवर बसतात. मात्र सगळ्यात छोट्या चकतीचे दाते मोजा. १० निघाले तर हा हब चालणार नाही. स्रॅम कंपनीचे गिअर असतील तर एक्सडी किंवा एक्सडीआर, शिमानोची माउंटन बाइक असेल तर मायक्रो स्प्लाइन, असा वेगळा फ्रीहब ट्रेनरसाठी घ्यावा लागेल.

आता ७ गिअरवाले. आपल्याकडच्या स्वस्त गिअर सायकलींवर बऱ्याचदा कॅसेट नसतेच, आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. ओळखायचं कसं? गिअर उलटे फिरवा. पाना बसतो त्या मधल्या खाचा सोबत फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. ते या ट्रेनरवर चढणार नाही. ७ स्पीडची कॅसेट आणून ४.५ आणि १.८५, अशा दोन रिंगा घालून जमतं. पण मला विचाराल तर चाकासकट लावायचा ट्रेनर घ्या, डोक्याला ताप नाही.

चला, बसवू. फ्रीहबवर एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची आहे, चकतीवरही तिची जोडीदार आहे. ती जुळली की कॅसेट आपोआप सरकते, ठोकायची नाही. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरनं आवळायची. आता हलवून बघतो... ऐकलंत? काहीच वाजत नाही.