हँडब्रेक ओढला तरी गाडी मागे का जाते?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायची बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी ८०० पण दहा वर्षांच्या पुढचीच. अशा गाडीचा हँडब्रेक ओढून बघा. कट कट कट कट... लिव्हर पार छताकडे तोंड करून उभी राहते आणि चढावर गाडी तरी सरकतेच.

मग काय करतात, कव्हर काढायचं, केबलचा नट आवळायचा, पाच मिनिटात लिव्हर कडक, गिऱ्हाईक खूष. पण झीज तिथे नाहीच ना, ती आहे मागच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या गोल डब्यात. ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या म्हणजे शू, त्यांच्यावरचे घासणारे थर म्हणजे लायनर; ते झिजले की ड्रमपासून लांब राहतात, ते अंतर भरून काढायला आत अॅडजस्टर असतो पण तो गंजून जाम झालेला. वरून केबल ताणली तर शू पूर्ण मागे येत नाहीत, चाक घासत राहतं, ड्रम तापतो, पेट्रोल जातं ते वेगळंच.

म्हणून सुरुवात मागून. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दगड, पहिला गिअर टाकायचा (८०० ला पुढची चाकं ओढतात म्हणून गिअरचा उपयोग होतो), मागे जॅक, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लावा. हँडब्रेक सोडा, नट ढिला करा, नाहीतर ड्रम निघता निघत नाही. आतली धूळ फुंकायची नाही हां, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस (फुफ्फुसाला घातक तंतू) असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. आत ब्रेक ऑईल दिसलं तर अॅडजस्टमेंट विसरा, आधी ड्रममधल्या ब्रेक सिलिंडरचं लीकेज बघा.

लायनर बरे असतील तर अॅडजस्टर साफ करून ड्रम बसवायचा, ब्रेक पेडल चारपाचदा दणकून दाबायचं, आणि आता कुठे नटाची पाळी. थोडा थोडा आवळत जा. पाच-सहा कटकटीत दोन्ही चाकं जाम झाली पाहिजेत, आणि लिव्हर सोडली की हातानं मोकळी फिरली पाहिजेत. लिव्हर सोडूनही एक चाक अडकतंय? मग त्या बाजूची केबल आत गंजलीय, कोकणातल्या गाड्यांना तर हे ठरलेलंच, तेल सोडून चार दिवस चालेल, शेवटी बदलावीच लागते.

आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढूच नका, लायनर ड्रमला चिकटून बसतात, गिअर टाका आणि चाकाखाली दगड लावा.