पॉइंट टू टूच्या नळीतलं शिसं

[दृश्य: करडे खडक, वाळलेलं गवत, लांबवर नदी. सकाळचं ऊन.]

न्यूझीलंडचं दक्षिण बेट. सेंट्रल ओटागो. अलेक्झांड्रा गावाभोवतीचा हा माळ म्हणजे देशातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक. वर्षाकाठी पाऊस साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. उतारांवर मेरिनो मेंढ्या, क्लूथा नदीच्या खोऱ्यात द्राक्षबागा, आणि या दोन्हींच्या मुळावर उठलेला ससा.

ससा मूळचा इथला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तो शिकारीसाठी आणि खाण्यासाठी आणला. 1870 च्या दशकात साउथलंड आणि ओटागोमधली कुरणं सशांनी अशी साफ केली की मेंढपाळांना जमिनी सोडून जावं लागलं. 1876 मध्ये सशांच्या उपद्रवावर स्वतंत्र कायदा झाला. मग ससे मारायला स्टोट, फेरेट, वीझल हे छोटे शिकारी प्राणी आणले. त्यांना उडता न येणारे देशी पक्षी जास्त सोपे वाटले, आणि ते नुकसान आजही भरून आलेलं नाही. 1997 मध्ये काही जणांनी सशांना मारणारा विषाणू बेकायदा देशात आणून सोडला, 2018 मध्ये त्याचाच दुसरा प्रकार अधिकृतपणे सोडला गेला. दर वेळी काही ससे तगले. म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या हातात रायफल आहे.

[दृश्य: शेडचं दार. लाकडी बाक. रायफलचा बोल्ट मागे ओढला जातो.]

ही पॉइंट टू टू रायफल, म्हणजे 0.22 इंच व्यासाच्या छोट्या गोळीची. मॅगझिन काढून बाजूला ठेवलेलं आहे. हे फार्म चालवणाऱ्या बाईंनी चेंबरमध्ये आधी उजेडात पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं. न्यूझीलंडमध्ये बंदुकीचा परवाना घेणाऱ्याला सुरक्षेचे सात नियम शिकावे लागतात. पहिला नियम, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. आता पाहा, रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करूनही नळीचं तोंड भिंतीकडेच आहे.

[दृश्य: नळीच्या तोंडावरचा काळा दंडगोल, जवळून.]

नळीच्या टोकाला फिरवून बसवलेला हा वीतभर दंडगोल म्हणजे सप्रेसर. आपल्याकडे याला सायलेन्सर म्हणतात. सिनेमातल्या मारेकऱ्यामुळे या वस्तूचं नाव फार खराब झालं. इथे ती शेतीच्या अवजारांत मोडते. परवानाधारकाला दुकानात सहज मिळते, आणि सशांच्या मागे जाणारा क्वचितच कोणी तिच्याशिवाय बाहेर पडतो. त्याचं कारण कान आहेत. पॉइंट टू टूचा उघडा बार साधारण 140 डेसिबलच्या आसपास जातो. एवढा आवाज एकदाच झाला तरी कानाला इजा होऊ शकते. सप्रेसर लावला आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाचं काडतूस वापरलं, की तोच आवाज 115 ते 120 च्या घरात येतो. म्हणजे शांतता होत नाही, पण कान वाचतात. शेजारच्या मेंढ्या बुजत नाहीत, आणि घरात झोपलेली मुलं जागी होत नाहीत.

[दृश्य: जुन्या पेटंटचं रेखाचित्र.]

हे रेखाचित्र हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन इंजिनिअरचं. 1909 मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. त्याचे वडील हायरम मॅक्सिम म्हणजे मशिनगनचे जनक, आणि बारांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे उतारवयात ते जवळजवळ बहिरे झाले होते. मुलाने बाराचा आवाज दाबायचं यंत्र केलं आणि हेच तत्त्व पुढे मोटारींच्या इंजिनांनाही लावलं. अमेरिकेत सुरुवातीला हा सप्रेसर अगदी टपालानेही विकला जाई. 1934 च्या कायद्याने त्यावर 200 डॉलर कर बसला. त्या काळी ही रक्कम सप्रेसरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होती. अमेरिकेतलं सप्रेसरचं चित्र त्यानंतर कितीतरी वर्षं बदललंच नाही.

[दृश्य: सप्रेसर हाताने उलटा फिरवून काढला जातो. मागचं टोपण पान्याने सैल होतं.]

आता मूळ कामाकडे, म्हणजे हा सप्रेसर उघडून आतलं शिसं साफ करण्याकडे.

सप्रेसर नळीवरून काढायला पाना लागला नाही, तो हातानेच निघाला. नळीवरचे आटे स्वच्छ असल्याची ही खूण. न्यूझीलंडमध्ये आणि ब्रिटनमध्ये पॉइंट टू टूच्या नळीवर बहुतेक वेळा अर्ध्या इंचाचे, इंचाला 20 या मापाचे आटे असतात. अमेरिकेत तेच इंचाला 28. परदेशातून मागवलेला सप्रेसर जोर लावून बसवला तर आटे जातात, आणि मग नळीच बदलायची वेळ येते.

टोपण सुटलं. आत एकामागे एक रचलेल्या शंकूसारख्या चकत्या आहेत. यांना बॅफल म्हणतात. दारू जळून झालेला वायू गोळीच्या मागोमाग सुटतो आणि मोकळ्या हवेत एकदम पसरला की बार होतो. इथे तो कप्प्याकप्प्यातून जातो. प्रत्येक कप्प्यात थोडा पसरतो, थोडा थंड होतो, थोडा अडतो, आणि शेवटच्या भोकातून बाहेर पडेपर्यंत त्याचा जोर सरलेला असतो.

[दृश्य: लाकडी दांडा, हलके ठोके. चकत्या सरकत बाहेर येतात. पहिली चकती अगदी जवळून.]

नीट पाहा. हा जो करडा, खरबरीत थर आहे, ते शिसं.

मोठ्या रायफलच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. पॉइंट टू टूची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते. वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं आणि गोळीच्या मागचा वायू त्याहून कितीतरी तापलेला असतो. गोळीच्या बुडाचं शिसं थोडं वितळतं, थोडं घासून निघतं. त्यात जळकं मेण आणि दारूची काजळी मिसळते. काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेल्या पेटत्या मसाल्यातही बहुधा शिशाचंच संयुग असतं. हे सगळं वायूबरोबर सप्रेसरमध्ये शिरतं आणि थंड चकत्यांवर चिकटतं. मोठ्या रायफलमध्ये वायूचा दाब इतका असतो की बरीचशी घाण तोच बाहेर फेकतो. पॉइंट टू टूला तो जोर नाही. त्यामुळे या सप्रेसरचं वजन गोळीगणिक वाढत जातं.

नळीच्या सगळ्यात जवळची चकती सगळ्यात घाण, पुढच्या टोकाची त्या मानाने स्वच्छ. थर वाढत गेला की चकत्या एकमेकींना आणि बाहेरच्या नळकांड्याला जखडतात. मग दांड्याने ठोकूनही काही निघत नाही. भोकाच्या कडेला शिसं साचलं तर धोका त्याहून मोठा, कारण गोळीचा व्यास 5.7 मिलिमीटर आणि भोक त्याहून जेमतेम मिलिमीटरभर रुंद. गोळी चकतीला घासली तर सप्रेसर फाटू शकतो.

[दृश्य: हातमोजे, मास्क, पत्र्याची थाळी, ओलं फडकं.]

हातमोजे नायट्राइलचे आहेत. तोंडावर कणांना अडवणारा मास्क आहे. आणि बाकावर सगळं ओलं आहे. ही ओल या सबंध कामाचा कणा आहे. कोरड्या ब्रशने खरवडलं तर शिशाची धूळ उडते, नाकातोंडात जाते, कपड्यांवर बसून घरात येते. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा आजवर सापडलेली नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो.

म्हणून आधी चकत्या मिनरल स्पिरिटमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावणात, भिजत पडू द्यायच्या. मेण आणि काजळी सुटते. शिसं तसंच राहतं, पण त्याची पकड ढिली होते. मग ओल्या थाळीवर एकेक चकती घ्यायची. आधी नायलॉनचा ब्रश, तो पुरला नाही तर पितळी. शिशाचा जाड पापुद्रा असेल तिथे लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी. स्टीलची धारदार वस्तू भोकाच्या कडेजवळ नेऊच नये. ती कड सरळ आणि गोल राहिली तरच गोळी मोकळी जाते.

[दृश्य: दोन चकत्या शेजारी. एक चकचकीत, एक मळकट.]

डावीकडची चकती स्टीलची, उजवीकडची ॲल्युमिनियमची. स्टीलच्या चकत्या दणकट. पाणी, थोडा साबण आणि बारीक स्टीलच्या टाचण्या घातलेल्या फिरत्या डब्यात त्या तासन्‌तास फिरवल्या तरी चालतात. डबा उघडल्यावर दिसणारं काळं पाणी पुढे दाखवतो आहोत, कारण त्या पाण्याचं काय करायचं हा या फिल्ममधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ॲल्युमिनियमला हे सोसत नाही. तीव्र अल्कली असलेला साबण ते खाऊन टाकतो, ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो. बनवणाऱ्याने चकती कशाची केली आहे हे आधी पाहावं आणि मगच तिला पाण्यात घालावं.

काही सप्रेसर उघडतच नाहीत. कारखान्यात ते कायमचे बंद केलेले असतात. न्यूझीलंडमध्ये असे स्वस्त, हलके सप्रेसर पुष्कळ आहेत. नवा असतानाच त्याचं वजन लिहून ठेवावं आणि अधूनमधून तोलून पाहावं. किती ग्रॅम घाण आत अडकली, ते त्यावरून कळतं. तराजू मात्र वेगळा ठेवायचा, स्वयंपाकघरातला वापरायचा नाही.

[दृश्य: बाटलीतला पांढरा द्रव. बाटली परत कपाटात जाते.]

आता या बाटलीबद्दल. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सारखं मिसळून त्यात चकत्या बुडवायच्या, शिसं आपोआप विरघळतं, असा एक तोडगा नेमबाजांत फार पसरला आहे. शिसं विरघळतं हे खरं. पण विरघळून त्याचं लेड ॲसिटेट होतं आणि ते पाण्यात मिसळलेलं विष असतं. चकतीवरचा घट्ट तुकडा चिमट्याने उचलून डब्यात टाकता येतो. या द्रवाचं एक शिंतोडं कुठे उडालं हेही कळत नाही, आणि ते कातडीवाटेही अंगात भिनतं. अर्धा तास वाचवायला म्हणून कोणी हे करू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. हाताने, ओलं ठेवून, सावकाश.

[दृश्य: डब्यातलं काळं पाणी झाकणाच्या बाटलीत ओतलं जातं. बाटलीवर चिठ्ठी.]

हे ते पाणी. नाल्यात नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही, बेसिनमध्येही नाही. घट्ट झाकणाची बाटली, वर ‘शिसं’ अशी चिठ्ठी, आणि स्थानिक परिषदेच्या घातक कचरा केंद्रावर रवानगी. भिजवलेलं मिनरल स्पिरिट, पुसलेली फडकी, हातमोजे, सगळं त्याच वाटेने जातं. बाईंनी हात धुतले ते शेडबाहेरच्या नळावर, गार पाण्याने आणि साबणाने, कोपरापर्यंत. कामाचा शर्ट घरच्या कपड्यांत मिसळणार नाही.

[दृश्य: पुण्यातली बालेवाडीची रेंज. ओळीत झोपून नेम धरणारे नेमबाज.]

भारतात सामान्य नागरिकाला सप्रेसर मिळत नाही आणि स्पर्धेच्या रायफलवर तो नसतोच. पण शिशाची गोळी तीच आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते पॉइंट टू टूनेच. त्यानंतर गावोगावची मुलं रेंजवर येऊ लागली आहेत. रायफल पुसताना, पुंगळ्या गोळा करताना, गोळ्या हाताळताना बोटांना लागतं ते हेच शिसं. सरावाच्या मध्ये त्याच हातांनी वडापाव खाल्ला जातो. प्रत्येक रेंजवर साबण असलेलं बेसिन आणि ओलं पुसण्याची व्यवस्था असलीच पाहिजे, आणि मुलांना चाप ओढायला शिकवण्याआधी हात धुवायला शिकवलं पाहिजे.

[दृश्य: पुन्हा शेड. स्वच्छ चकत्या ओळीने मांडलेल्या.]

चकत्या कोरड्या झाल्या. त्यांच्या कडेवर कोरलेल्या छोट्या खुणा एका रेषेत यायला हव्यात. एखादी चकती उलटी बसली तर गोळीच तिला धडकेल. शेवटच्या टोपणापर्यंत सगळं सरळ बसलं का, हे एका टोकाकडून उजेडाकडे पाहिलं की कळतं. भोकांची वर्तुळं एकात एक दिसली पाहिजेत. बाहेरच्या बाजूला सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ हात, म्हणजे पुढच्या वेळी चकत्या सहज सरकतील. आट्यांवरही तेवढंच. तेल जास्त झालं तर पहिल्याच बाराला धूर होतो.

[दृश्य: सप्रेसर रायफलवर बसतो. माळावर कागदी लक्ष्य.]

सप्रेसर हातानेच घट्ट बसवला. पहिला बार नेहमीपेक्षा थोडा मोठा वाटेल, कारण आत भरलेल्या हवेतला ऑक्सिजन त्या एका बारात जळतो. दुसऱ्यापासून आवाज खाली येतो. गोळ्या कागदावर कुठे लागतात हेही पाहून घ्यावं, कारण सप्रेसर काढून पुन्हा बसवला की नेम किंचित सरकू शकतो. बाईंनी पाच गोळ्या झाडल्या, दुर्बिणीतून पाहिलं आणि स्कोपची नेम जुळवायची चकरी दोन टिचक्या फिरवली. भिंतीवरच्या वहीत आजची तारीख आणि सप्रेसरचं वजन लिहिलं. पुढची सफाई पाचशे गोळ्यांनंतर, आणि मधेच वजन वाढलं तर त्याआधी.