निनवेची गुरंढोरं

नमस्कार श्रोतेहो. देशाला चांगलं वळण लागावं म्हणून प्रार्थनेला बसलं, की दुसऱ्यांची पापं भराभर आठवतात. आपली मात्र आठवावी लागतात. बायबलमधल्या योना संदेष्ट्याचं तसंच झालं.

योना म्हटलं की मासा! खरं तर बायबलात त्याच्या नावाचं जे पुस्तक आहे, त्यातल्या ४८ वचनांपैकी जेमतेम तिनांत मासा आहे. तोही ‘मोठा मासा’. देवमासा आपण घातला. चित्रं काढणाऱ्यांनी हे पुस्तक पार बिघडवलं, असं माझं मत.

देव म्हणाला, निनवेला जा. निनवे म्हणजे अश्शूरांचं मोठं नगर, आजच्या मोसुलसमोर, तैग्रीस नदीच्या काठी. अश्शूर म्हणजे योनाच्या लोकांचे कर्दनकाळ शत्रू. जायचं होतं पूर्वेकडे. हा याफो बंदरात गेला, भाडं भरलं आणि उलट दिशेला, तार्शीशला जाणाऱ्या जहाजात बसला. का पळाला? जिवाच्या भीतीनं? नाही. चौथ्या अध्यायात तो स्वतःच देवाला सुनावतो: तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर पळालो. ऐकलंत ना? भीती शत्रूची नव्हती. शत्रूला माफी मिळेल, याची होती.

वादळ आलं, खलाशांनी त्याला समुद्रात टाकलं, माशानं गिळलं, तीन दिवस पोटात, पुन्हा किनारा. शेवटी गेला एकदाचा निनवेत. उपदेश केवढा? मूळ हिब्रूत पाच शब्द! अजून चाळीस दिवस, मग निनवे उलथणार. (पाऊण पाऊण तास माइक न सोडणाऱ्यांनी हे पाच शब्द मोजून पाहावेत.) त्यातल्या ‘उलथणं’ या क्रियापदाचा हिब्रूत ‘पालटणं’ असाही अर्थ होतो. नगर पालटलंच. आधी लोकांनी गोणताट, म्हणजे पश्चात्तापाचं जाडंभरडं कापड, नेसलं, मग बातमी राजाकडे गेली. तो सिंहासनावरून उतरला, झगा काढला, राखेत बसला. हुकूम सुटला: माणसांनी, गुरांनी काही खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, आणि प्रत्येकानं आपल्या हातचा जुलूम सोडायचा.

आता तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन. देवानं काय पाहिलं? गोणताट नव्हे, त्यांची कृती पाहिली. जुन्या यहुदी गुरूंनीही उपासाच्या दिवशी लोकांना हेच बजावलं. गोणताट नव्हे, कृती.

राष्ट्रीय प्रार्थनादिन फसतात ते इथंच. उपास होतो, गीतं होतात आणि मजुराचे पैसे तसेच अडकलेले राहतात. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तर मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे. सुरियानी (सिरियाक) परंपरेतल्या ख्रिस्ती मंडळ्या आजही लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, सुमारे तीन आठवडे आधी निनवेचा तीन दिवसांचा उपास पाळतात. उपासाला कुणाची ना नाही. त्या संध्याकाळी मजुरी पोचली का, एवढंच बघावं.

आणि योना? नगर वाचलं म्हणून रागावून पूर्वेला मांडव घालून बसला. देवानं सावलीला वेल उगवला. पहाटे त्याला कीड लागली, वर पूर्वेचा झळीचा वारा सुटला. वेल वाळला म्हणून योना हळहळला. देव म्हणाला, ज्याच्यासाठी तू काडी हलवली नाहीस, त्या वेलाची तुला कीव येते. मग उजवाडावा हात न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं जिथं आहेत, त्या निनवेची मला येऊ नये? आणि गुरंढोरं, तीही पुष्कळ?

पुस्तक तिथंच थांबतं. योना काय बोलला, ते लिहिलेलं नाही.