यादीतून शेवटी कटलेला पोट्टा

नमस्कार राजेहो, कसे आहात सगळे. उन्हाळा आहे, कूलरच्या समोर बसूनच ऐकत असाल, आणि मी आज बोलणार आहे बर्फावरच्या खेळाबद्दल, आइस हॉकीबद्दल. आता तुम्ही म्हणाल नागपुरात आइस हॉकी कुठून आली. आपल्याला हॉकी म्हणजे मैदानावरची माहीत, विदर्भ हॉकी असोसिएशनची, खरं आहे. पण तिकडे लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की पोरं पोरी स्केट्स बांधून याच खेळात उतरतात, आणि आपल्या मुलींच्या टीमनं २०२५ मध्ये एशिया कपचं ब्राँझ आणलंय, त्यामुळे हा खेळ अगदीच परका समजू नका.

खेळ थोडक्यात सांगतो. एका वेळी एका टीमचे सहा जण बर्फावर, त्यातला एक गोलकीपर. बॉलऐवजी रबराची चपटी टिकली असते, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. आणि दमछाक एवढी की खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतो, मग बेंचवर येतो आणि दुसरा आत जातो, म्हणजे कोणाला कधी आत सोडायचं हे कोचला पूर्ण मॅचभर बघत राहावं लागतं.

तर आजचा माणूस हर्ब ब्रुक्स. १९३७ चा जन्म, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, सेंट पॉल शहर. तिथे हिवाळा कडक, गल्लीतली पोरं बर्फावरच वाढतात. हा मिनेसोटा युनिव्हर्सिटीकडून खेळला, चांगला खेळला, आणि १९६० च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या टीमसोबत तयारीला गेला. महिने घाम गाळला आणि स्पर्धा अगदी तोंडावर आली असताना यादीतून शेवटचं नाव कटलं ते याचं. आणि त्याच टीमनं त्या वर्षी गोल्ड जिंकलं, अमेरिकेचं आइस हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक गोल्ड! हा घरी वडिलांसोबत बसून टीव्हीवर बघत होता. वडील काय म्हणाले ते तो स्वतःच पुढे सांगायचा, की बाबा म्हणाले, कोचनं बरोबर माणूस काढला म्हणायचं. बापानं असं बोलावं का, मला तर ऐकूनच कसंतरी होतं, पण तो काळ आणि ते घर तसं होतं.

पण पठ्ठ्यानं खेळ नाही सोडला. १९६४ ला इन्सब्रुक आणि १९६८ ला ग्रेनोबल, दोन्ही ऑलिंपिक खेळला, मेडल मात्र नाही मिळालं. पोटासाठी इन्शुरन्स विकला. मग १९७२ ला आपल्याच युनिव्हर्सिटीचा कोच झाला, टीम तेव्हा पार तळाला होती, आणि १९७४, १९७६, १९७९ अशा तीन नॅशनल चॅम्पियनशिप काढून दिल्या.

आपल्या नागपूरकरांना हे वेगळं समजवायची गरज नाही. चंद्रकांत पंडित सर आठवा. १९९८-९९ च्या रणजी फायनलमध्ये ते मध्य प्रदेशचे कॅप्टन होते, बेंगळुरूच्या चिन्नास्वामीवर हरले. मग कोच म्हणून आपल्या विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी दिले, त्यातला दुसरा तर आपल्या जामठ्यालाच, आणि त्यानंतर २०२२ ला मध्य प्रदेशचे कोच म्हणून त्याच चिन्नास्वामीवर कप उचलला. शिस्तीला कडक माणूस, हेही सगळ्यांना माहीत. ब्रुक्स त्याच जातीचा.

१९८० चं ऑलिंपिक लेक प्लॅसिडला, ब्रुक्स अमेरिकेचा कोच. समोर सोव्हिएत युनियन, १९६४ पासून सलग चार गोल्ड, वर्षानुवर्षं एकत्र खेळणारे पक्के खेळाडू. अमेरिकेकडे कॉलेजचे पोट्टे. त्यातही बोस्टनवाले आणि मिनेसोटावाले यांचं जुनं वैर, कॉलेजच्या मॅचमध्ये मारामाऱ्या झालेल्या. ब्रुक्सनं काय केलं तर तो स्वतः सगळ्यांशी अंतर ठेवून राहिला, कोणाचाच लाडका नाही, कोणाचाच मित्र नाही, पोरांना समजावायचं काम असिस्टंट कोच क्रेग पॅट्रिककडे. पोरं चिडली आणि चिडता चिडता एक झाली. नॉर्वेसोबत सराव मॅच ३-३ अशी सुटली, पोरांचं लक्ष गॅलरीतल्या मुलींकडे होतं म्हणतात, तर मॅच संपल्यावर तिथेच बर्फावर त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, परत मागे, परत पुढे, रिंकचे लाइट बंद झाले तरी शिट्टी चालूच. दुसऱ्या दिवशी त्याच नॉर्वेला त्यांनी धुऊन काढलं.

हे सगळं मला पटतं का? मोठ्या पोरांसाठी ठीक. बारा-तेरा वर्षांच्या लेकरांवर कोणी असला प्रयोग करू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

स्पर्धेच्या ऐन आधी सोव्हिएतनं याच टीमला १०-३ नं हरवलं होतं. आणि तेरा दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, पहिला भाग संपायला एक सेकंद असताना मार्क जॉन्सननं गोल करून २-२ केलं, त्यावर सोव्हिएत कोच तिखोनोव्हनं जगातला सगळ्यात भारी गोलकीपर त्रेत्याक यालाच बाहेर बसवलं, आणि हा निर्णय चुकला हे त्यानं नंतर स्वतः कबूल केलं. तिसऱ्या भागात आधी ३-३, मग दहा मिनिटं बाकी असताना कॅप्टन माइक इरुझिओनीचा गोल, ४-३. उरलेली दहा मिनिटं ब्रुक्स बेंचमागे उभा राहून एकच सांगत होता, आपला खेळ खेळा, आपला खेळ खेळा. सोव्हिएतचे ३९ शॉट, त्यातले ३६ जिम क्रेगनं अडवले! दोन दिवसांनी फिनलंडला ४-२ नं हरवून गोल्ड.

पण मला ही गोष्ट सांगायची होती ती या मॅचसाठी नाही, एका दुसऱ्या पोरासाठी. राल्फ कॉक्स. टीम वीस जणांची, आणि लेक प्लॅसिडच्या तोंडावर शेवटचं नाव काढायचं होतं ब्रुक्सला. वीस वर्षांपूर्वी जे याच्यासोबत झालं तेच आता याला दुसऱ्याला करायचं होतं. त्यानं कॉक्सला समोर बसवून सांगितलं, मीही १९६० ला असाच शेवटी कटलो होतो हेही सांगितलं, आणि त्या कडक माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. कॉक्सनं उलट त्यालाच धीर दिला, म्हणाला मी समजू शकतो कोच, तुम्ही गोल्ड जिंकणार आहात.

पुढे ब्रुक्स एनएचएलमध्ये, म्हणजे तिकडच्या आइस हॉकीच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, न्यूयॉर्क रेंजर्सचा कोच होता, आणखी टीम केल्या, १९९८ ला फ्रान्सचा कोच झाला, २००२ ला परत अमेरिकेचा कोच होऊन ऑलिंपिक सिल्व्हर मिळवून दिलं, आणि २००३ मध्ये कार ॲक्सिडेंटमध्ये गेला.

आपल्याकडे यशवंत स्टेडियमला, मानकापूरला, रेशीमबागेला रोज सकाळी किती लेकरं घाम गाळतात. सिलेक्शन झालं की यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडते, आणि ज्याचं नाव नाही तो पोरगा ती चार-चार वेळा वाचतो, आईनं विचारलं तर काही बोलत नाही. तर कोच मंडळी, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, यादी टाकायच्या आधी ज्यांची नावं नाहीत त्यांना एकेकाला बाजूला घ्या, काहून नाही घेतलं ते सांगा, आणि पुढच्या सोमवारी प्रॅक्टिसला किती वाजता यायचं तेही सांगा. नमस्कार.