दारावर आलेल्या उमेदवाराला काय विचारायचं?

आयर्लंडमध्ये निवडणूक लागली की उमेदवार घरोघर फिरतो. संध्याकाळी, लोक कामावरून परतले की दार वाजवतो, हातात पत्रक ठेवतो आणि उंबऱ्यावरच बोलणं होतं. घरातल्या माणसाचं त्याला ऐकावं लागतं, कारण तिथली मतपत्रिका वेगळी आहे. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात लिहितात तसे नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जातात आणि शेवटची जागा पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर ठरते. त्यामुळे तुमचं पहिलं मत दुसऱ्या कुणाला जाणार आहे हे ठाऊक असूनही तो तुमच्याशी बोलतो. निदान दोन नंबर तरी द्या, म्हणतो. आयरिशसारख्या थोडक्या लोकांच्या भाषेला या पद्धतीत जोर मिळतो तो इथे.

आता विचारायचं काय, हा माझा आजचा विषय. ‘आयरिश भाषेबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं, तर प्रत्येक उमेदवार प्रेमच आहे म्हणणार. १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्रजी दुसरी. तरीही २०२२ च्या जनगणनेत ‘मला आयरिश बोलता येतं’ असं सांगणारे १८,७३,९९७ लोक निघाले, आणि शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे फक्त ७१,९६८. या दोन आकड्यांकडे नीट पाहा. मूल लहानपणापासून शाळा संपेपर्यंत ही भाषा शिकतं आणि बाहेर पडलं की तिचा वापर थांबतो. म्हणून तिथले जाणते मतदार प्रेमाचं विचारत नाहीत. शिक्षक किती, वर्ग कुठे, पैसे कधी, हे विचारतात.

२०११ ची गोष्ट घ्या. फिने गेल पक्षाचे नेते एन्डा केनी यांनी निवडणुकीत सांगितलं की शेवटच्या शालान्त परीक्षेसाठी आयरिश ऐच्छिक करू. सक्तीमुळे मुलांच्या मनात भाषेची अढी बसते, असं म्हणणारे तिथे बरेच आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण विद्यार्थी डब्लिनमध्ये पक्षाच्या कचेरीबाहेर जमले. त्यांचा प्रश्न साधा होता: विषय वाईट शिकवला जातो, तर शिकवणं सुधारणार की विषयच काढणार? त्याच प्रचारात तीन मोठ्या पक्षांचे नेते टीव्हीवर वादाला बसले, आणि तो अख्खा वाद आयरिशमधून झाला. निवडणुकीत असं आधी कधी झालं नव्हतं. केनी पंतप्रधान झाले, तरी आयरिश ऐच्छिक झाली नाही. ते एकट्या विद्यार्थ्यांमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण प्रश्न मतदानाआधी विचारला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

(पुढे याच केनींच्या जागी लिओ वराडकर आले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल.)

उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात, हीच भाषा समान हक्काचा प्रश्न होते. बेलफास्टमधल्या शॉज रोडवर काही कुटुंबांनी एकमेकांशेजारी घरं बांधली, मुलं आयरिशमध्ये वाढावीत म्हणून. १९७१ मध्ये त्यांनी शाळा काढली. मुलं किती? नऊ. सरकारी मान्यता मिळाली १९८४ मध्ये. मधली तेरा वर्षं पालकांनी ती शाळा स्वतःच्या बळावर चालवली. या शाळेचा विचार केला की मला अजून भरून येतं.

पुढे माध्यमिक शाळा झाली, आणि प्रश्न आला बसचा. दुरून येणाऱ्या मुलांना शाळेच्या वेळेत पोचवणारी सोय नव्हती. १९९८ च्या शिक्षण कायद्यात सरकारने आयरिश माध्यमाला उत्तेजन द्यावं, त्याची वाट सुकर करावी असं कलम आहे. शाळा कोर्टात गेली आणि २०११ मध्ये जिंकली. हे कलम शोभेचं नाही, त्याचा प्रत्यक्ष परिणाम दिसला पाहिजे, असा निकालाचा आशय होता. समान हक्क म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायचं असेल तर मी ही बस सांगतो. शेजारच्या मुलाला वेळेवर शाळेत पोचता येतं, तसं तुलाही आलं पाहिजे.

डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या सरकारने डॉनेगॉलच्या आयरिशभाषक गावांत शिकायला जाणाऱ्यांची एक छोटी शिष्यवृत्ती बंद केली. रक्कम पन्नास हजार पौंड. कळवणाऱ्या ईमेलच्या शेवटी नाताळच्या शुभेच्छा होत्या. लोक त्या वाक्याने जास्त दुखावले. सरकार पडलं ते मुख्यतः एका ऊर्जा योजनेच्या घोटाळ्यावरून. पण मार्च २०१७ च्या निवडणुकीत आयरिश भाषेसाठी स्वतंत्र कायदा करावा, ही मागणी दारोदारचा प्रश्न झाली. ब्रिटनसोबतच राहावं म्हणणाऱ्या डीयूपी पक्षाच्या नेत्या अर्लीन फॉस्टर या मागणीवर म्हणाल्या होत्या की मगरीला खाऊ घातलं तर ती परत परत येते. मग लोक मगरीचा वेश करून रस्त्यावर आले. निकालात डीयूपीला २८ जागा, आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्या शिन फेन पक्षाला २७. एप्रिलमध्ये फॉस्टरबाई एका शाळेत गेल्या आणि मुलींचे आभार त्यांनी आयरिशमधून मानले. मला ही गोष्ट आवडते.

लाल शर्टावर पांढरं वर्तुळ, ही चळवळीची खूण, लावून हजारो लोक या कायद्यासाठी बेलफास्टमध्ये चालले, २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला, तोही लंडनच्या संसदेत. कोर्टात आयरिश बोलायला मनाई करणारा १७३७ चा कायदा त्याने रद्द केला. पण आयरिश भाषेच्या आयुक्तांची नेमणूक रेंगाळली, आणि शाळांचे प्रश्न आहेतच.

आता तिथली एखादी आई दारावरच्या उमेदवाराला विचारते: माझ्या मुलाला वाचताना अडचण येते. तो घरी आणि वर्गात आयरिश बोलतो, पण त्याची तपासणी इंग्रजीतून होते, आणि मग तो मागे आहे असं कागदावर येतं. आयरिशमधून तपासणारा माणूस आमच्या शाळेला कधी मिळणार, ते महिना-वर्षासकट सांगा. मी वाट पाहते, तुम्ही लिहून घ्या.